शनिवारची शिंक

सिस्टरना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी त्यांना सिस्टर म्हणणं कुणी सोडलं नव्हतं, आणि त्यांनीही ते कुणाला सोडू दिलं नव्हतं. तीस वर्षं त्या मुलांच्या वॉर्डात होत्या, त्यातली शेवटची अकरा हेड नर्स म्हणून. वॉर्ड सुटला, पण वॉर्डची शिस्त सुटली नाही. धाकट्या भावाच्या घरात तळमजल्यावरच्या दोन खोल्या त्यांच्याकडे होत्या. पुढच्या खोलीत त्या राहायच्या. मागच्या खोलीत रस्त्यावरची आजारी मांजरं आणून बरी करायच्या आणि चांगलं घर बघून देऊन टाकायच्या. अशी चाळीस मांजरं त्यांनी आजवर दिली होती.

पिंजऱ्यांना त्या खाटा म्हणत. सहा खाटा, प्रत्येकीत घडी घातलेला जुना टॉवेल आणि बाहेर चिमट्याला लावलेला तक्ता. तक्त्यावर नाव नसे, क्रमांक असे. नाव ठेवलं की जीव अडकतो, तेव्हा नाव ज्याचं त्याने आपल्या घरी नेऊन ठेवावं. वजन, ताप, खाणं, डोळे, नाक, शिंका असे रकाने आखलेले होते आणि शेवटचा रकाना होता ‘शेरा’. तो चाळीसच्या चाळीस तक्त्यांवर कोरा होता. जे दिसलं ते लिहायचं, वर आपली मल्लिनाथी कशाला, असं सिस्टरांचं म्हणणं. शिकाऊ नर्सना त्या जे बजावत आल्या ते आता वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भावजयीलाही पाठ झालं होतं. तक्त्यावर जे नाही ते घडलंच नाही. तक्त्यावरचं खोडायचं नाही. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही.

सगळ्यात कडक नियम चौदा दिवसांचा. सलग चौदा दिवस नाक-डोळे कोरडे, एकही शिंक नाही, तरच मांजर घरी जाणार. तेराव्या दिवशी शिंक आली तर मोजणी पुन्हा एकपासून. न्यायला आलेली माणसं वैतागायची. “ज्यांना दोन आठवडे दम निघत नाही, त्यांना पुढची पंधरा वर्षं कसा निघायचा?” असं सिस्टर विचारायच्या.

मांजरं आणायला सुरुवात केली तेव्हा भावाला त्यांनी आपणहून शब्द दिला होता की येतील तेवढी जातील, कायमचं एकही राहणार नाही. भावाने हा शब्द मागितला नव्हता. पण दिला होता, आणि सिस्टरांच्या शब्दाला घरात वजन होतं.

एकेचाळीस नंबर बस डेपोतून आला. बंद पडलेल्या एका बसखाली तो पडून होता. तिथल्या मेकॅनिकने फोन केला. पिवळा बोका, थोराड जबडा, एक कान अर्धा, दोन्ही डोळे चिकटलेले, नाक गच्च, वजन दोन किलो सहाशे. अंगावर धड केस किती आणि ग्रीस किती हे पहिले दोन दिवस कळलं नाही. सिस्टरनी त्याच्यावर पाच आठवडे खर्ची घातले. खाटेवर चादर टाकून आत औषधाची वाफ सोडायची, तर हा एकटा आत थांबेना. मग सिस्टरही चादरीत डोकं घालून बसू लागल्या. चिकनचं पाणी सुईशिवायच्या सिरिंजने थेंबथेंब जबड्याच्या कडेने सोडायचं. तिसऱ्या आठवड्यात त्याने एक डोळा उघडला, सिस्टरांकडे बघितलं आणि बरं आहे म्हणून पुन्हा मिटला.

बरा झाल्यावर तो खाटेत राहीना. दाराजवळच्या स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायचा. काम काडीचं नाही आणि देखरेख सगळ्यांवर. भावजय त्याला बघून म्हणाली, “अगदी मुकादम आहे हा.” सिस्टरनी डोळे वटारले, पण नाव चिकटायचं ते चिकटलंच. पिल्लू आणलं आणि ते रडायला लागलं की मुकादम उठून त्याच्या खाटेला पाठ लावून बसायचा. पिल्लू गप्प व्हायचं. संध्याकाळी सगळ्यांची औषधं झाली की सिस्टर पुढच्या खोलीत आरामखुर्चीत पाय पसरायच्या आणि तो येऊन त्यांच्या पावलांवर बसायचा. चार किलो शंभर. आपल्या पायांवर नेमकं किती वजन आहे हे माहीत असणाऱ्या बाई जगात थोड्याच असतील.

कंडक्टर आले ते याच दिवसांत. म्हणजे आता निवृत्त कंडक्टर. पण डेपोत येणं-जाणं होतं, तिथे बोक्याची हकीकत कळली आणि ते विचारत विचारत घर शोधत आले. रविवारी, दुपारी चारला. सोबत वेताची टोपली होती आणि तिच्या झाकणाला त्यांनी स्वतः कडी बसवून आणली होती. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती.

“घर लहान आहे,” ते म्हणाले. “पण खिडकी मोठी आहे. रस्ता दिसतो. दोन वर्षांत माझ्याशिवाय त्या घरात कुणी खोकलंसुद्धा नाही.”

सिस्टरना माणूस पसंत पडला. बोक्यालाही पडला असावा, कारण त्याने त्यांचे बूट बारकाईने हुंगले आणि एकावर हनुवटी टेकली. सिस्टरनी चौदा दिवसांचा नियम सांगितला. मोजणी आजपासून. कंडक्टरांनी मान डोलावली, चहा घेतला, तासभर बसले आणि गेले. मधल्या रविवारी पुन्हा येऊन तासभर बसले.

चौदावा दिवस शनिवार होता. बोका दिवसभर ठणठणीत होता. संध्याकाळी सिस्टरनी तक्ता घेतला, वजन लिहिलं, ताप नाही लिहिलं, खाणं उत्तम लिहिलं. शिंकांच्या रकान्यात तेरा शून्यं एकाखाली एक उभी होती. त्यांच्याखाली सिस्टरनी एक आकडा काढला. पेन कुठे अडलं नाही. मग त्या उठल्या, पेन जागेवर ठेवलं आणि खुर्चीत येऊन बसल्या. बोका पायांवर येऊन बसला.

सिस्टरना तो हवा होता. याच्यात खोल असं काही नाही. तीस वर्षं मुलं बरी करून आईबापांच्या हाती दिली, एकानेही वळून बघितलं नाही, आणि बघू नये असंच त्यांना वाटायचं. रोग्याने दवाखाना विसरावा हेच बरं झाल्याचं लक्षण. चाळीस मांजरंही तशीच गेली. हा मात्र जाऊ नये असं वाटलं. आणि हे भावाला, भावजयीला, त्या कंडक्टरांना तोंडाने सांगण्यापेक्षा एक आकडा काढणं सोपं होतं.

“शिंकला काल,” दुसऱ्या दिवशी त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

“हरकत नाही,” कंडक्टर म्हणाले. “एक गाडी चुकली, दुसरी येईल.” त्यांनी टोपली खाली ठेवली आणि चहाला बसले.

मध्ये एक रविवार असाच गेला. मग पुन्हा चौदावा दिवस आला, पुन्हा शनिवारच. या वेळी सिस्टरना नुसती शिंक पोकळ वाटू लागली. एखादी शिंक धुळीनेही येते, कुणी विचारलं तर? त्यांनी लिहिलं: शिंका चार, डाव्या नाकपुडीतून पाणी. त्यापुढच्या चौदाव्या दिवशी लिहिलं: शिंका सहा, डाव्या नाकपुडीतून स्राव, त्यात रक्ताचा पुसट अंश. खोटं बोलणं अडाण्याला जमत नाही ते यासाठी. सिस्टरना आजार कसा चढत जातो हे पायरीपायरीने माहीत होतं, आणि तो त्यांनी कागदावर नीट चढवला.

“ताई, हा शिंकतो तरी कधी?” भावजयीने एकदा जिन्यावरून विचारलं. “तुमची शिंक आम्हाला वर ऐकू येते. याची खाली असूनही कुणाला येत नाही.”

“हळू शिंकतो.”

“मुकादम? आणि हळू?” भावजय एवढंच म्हणाली आणि वर गेली. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे मांजर डोळे उघडे ठेवून बसलं होतं आणि सिस्टरनी मिटले होते.

कंडक्टर मात्र दर रविवारी चारला येत राहिले. तिसऱ्या नोंदीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, “हं” म्हणाले आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

मांजरांची डॉक्टर दर महिन्याच्या सुरुवातीला सगळ्या खाटांचे तक्ते बघायची. वयाने लहान, हाताला गुण, आणि सिस्टरांवर तिचा इतका विश्वास की ती म्हणायची, “बाकीचे सांगतात ते मी ऐकते. तुमचं मी वाचते.” त्या सोमवारी सिस्टर तक्ते घेऊन दवाखान्यात गेल्या, आणि बोक्याचं रक्त पुन्हा तपासायचं होतं म्हणून त्यालाही नेलं. डॉक्टरने एकेचाळीस नंबरचा तक्ता वाचला. मग पुन्हा वाचला.

“तीनदा उलटलंय. दर वेळी वाढत. आणि नेमकी डावीच बाजू,” ती म्हणाली. “सिस्टर, ही साधी सर्दी नाही. आत गाठ असणार. दुर्बीण घालून बघावं लागेल.”

“आत्ता तर छान आहे. थोडं थांबलो तर?”

“नाकातून रक्त आलंय ना?” डॉक्टरने बोक्याच्या तपासणीचा कागद पुढे सरकवला. “याची किडनी निम्म्याहून जास्त गेलेली आहे. भूल दिली तर उठेलच असं मी सांगत नाही. पण गाठ वाढली तर तीही सोडायची नाही. खरं सांगू? दुसऱ्या कुणाचा तक्ता असता तर मी थांबले असते. तुमचा आहे म्हणून नाही थांबत. गुरुवारी सकाळी आणा, उपाशी.”

सिस्टर घरी आल्या. कुंपणानेच शेत खाल्लं होतं आणि बोलायची सोय नव्हती. मंगळवारी आणि बुधवारी त्यांनी शिंकांच्या रकान्यात शून्य लिहिलं, आणि दोन्ही वेळा कळलं की खरं लिहून आता काही होत नाही. बुधवारी फोन हातात घेतला, दवाखान्याचा नंबर फिरवला आणि गुरुवारची वेळ किती वाजताची एवढंच विचारलं. वेळ त्यांना माहीत होती.

गुरुवारी सकाळी बोक्याला खायला दिलं नाही. तो रिकाम्या वाटीपाशी बसला, वाटीकडे बघितलं, सिस्टरांकडे बघितलं, पुन्हा वाटीकडे. ऑपरेशनच्या सकाळी उपाशी मुलांनी दूध मागितलं की सिस्टर न डगमगता नाही म्हणायच्या, कारण ते मुलाच्या भल्याचं होतं. आज त्यांना त्या वाटीकडे बघवेना. त्यांनी ती उचलून कपाटात ठेवली.

दवाखान्याच्या टेबलावर बोका शांत होता. सिस्टर जवळ असल्या की तो शांतच असायचा. डॉक्टरने पुढच्या पायावरचे बोटभर केस मशीनने काढले, कापूस फिरवला, सुई घेतली. सिस्टरनी पंजा धरला होता. धरायचं कसं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती, तीस वर्षं त्यांनी लहान लहान हात असेच धरले होते. पंजा गरम होता आणि त्यांच्या बोटांवर विश्वासाने सैल पडला होता.

“डॉक्टर, थांबा.”

डॉक्टर थांबली.

“त्या तीन नोंदी खोट्या आहेत. तो शिंकलेला नाही. मी लिहिल्या.”

“आणि रक्त?”

“तेही नाही.”

डॉक्टरने सुई ट्रेमध्ये ठेवली. हात धुतले, पुसले. “का?”

“मला तो द्यायचा नव्हता.”

बोक्याला केस काढलेली जागा सापडली आणि तो ती चाटायला लागला.

“आधीचे चाळीस तक्ते?” डॉक्टरने विचारलं.

“ते खरे आहेत. सगळे.”

“असतील. पण हे आता तुम्ही सांगताय, सिस्टर. तक्ता नाही सांगत.” आवाज तिने चढवला नव्हता. तिने तक्ता समोर ठेवला आणि पेन दिलं. “तुमच्याच पद्धतीने करा.”

सिस्टरनी तीन ओळींवर तीन सरळ रेघा मारल्या. खालचं स्वच्छ वाचता येत होतं. प्रत्येकीशेजारी सही केली. त्यांना लाज वाटली, इतकी की परत जाताना रिक्षावाल्याला घराचा पत्ता सांगायलाही तोंड उघडवेना. मांडीवरच्या टोपलीतून बोका भुकेने सारखा ओरडत होता आणि त्याचा प्रत्येक ओरडा त्यांना बरा वाटत होता, कारण ओरडायला तो होता. घरी आल्या आल्या त्यांनी वाटी कपाटातून काढली.

त्याच संध्याकाळी त्यांनी भाऊ आणि भावजयीला सगळं सांगितलं. भाऊ म्हणाला, “अगं, मग ठेव की त्याला. शब्द तूच दिला होतास, मी कुठे मागितला होता?” जिन्यावरचं बोलणं भावजयीने काढलं नाही, हा तिचा समजूतदारपणा होता. सिस्टर म्हणाल्या, “रविवारी ते येतील तेव्हा जाईल तो.” आणि तो विषय संपला.

रविवारी चारला कंडक्टर आले. सिस्टरनी त्यांना बसूही दिलं नाही, उभ्यानेच सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं.

“मला माहीत होतं,” ते म्हणाले.

“कसं?”

“तिकीट न काढलेला माणूस खिडकीबाहेर बघतो, सिस्टर. तुम्ही शिंकेचं सांगताना दर वेळी खिडकीबाहेर बघत होतात. आणि शिंक नेमकी शनिवारी. बोका काय कॅलेंडर बघून शिंकतो?”

“मग बोलला का नाहीत?”

कंडक्टर खुर्चीत बसले. टोपली पायाशी ठेवली. “बोललो असतो तर एकतर बोका मिळाला असता, नाहीतर नसता मिळाला. दोन्हीत रविवार गेला असता.” मग टोपलीची कडी चाचपत म्हणाले, “तुम्ही ठेवा त्याला. मी दुसरा बघतो.”

सिस्टरना हो म्हणावंसं वाटलं. अगदी ओठांवर आलं. “नाही,” त्या म्हणाल्या. “त्याचे चौदा दिवस केव्हाच भरलेत. अडवून मी ठेवला होता.”

त्यांनी बोक्याला उचलून टोपलीत ठेवलं. तो सहज गेला, तक्रार न करता, आणि हे त्यांना लागलं. कडी लावली. मग कपाटातून कोरा तक्ता काढून कंडक्टरांना दिला. घरी गेल्यावर चौदा दिवस मालकाने तक्ता भरायचा आणि आणून द्यायचा, हाही नियमच होता. “शिंक आली तर त्याच दिवशी फोन. मी येऊन बघेन. नाही आली तर मी येत नाही. रोग्याच्या घरी जाऊन बसायची माझी पद्धत नाही.”

“बरं,” कंडक्टर म्हणाले.

दोन आठवडे फोन आला नाही. मागच्या खोलीत दोन पिल्लं आली, एकाचे डोळे, दुसऱ्याचं पोट. रात्री रडायची. सिस्टरनी स्टूल हलवून कपाटापाशी नेलं, मग पुन्हा दाराजवळ आणून ठेवलं. संध्याकाळी त्या पाय पसरून बसायच्या आणि पावलं गार पडली की मोजे घालायच्या. मोजे पूर्वीही होते. डॉक्टर आता त्यांनी आणलेल्या मांजरांचा ताप स्वतः पुन्हा मोजून बघायची. सिस्टर थर्मामीटर पुसून पुढे करायच्या.

पंधराव्या दिवशी, रविवारी, चारला कंडक्टर आले. हातात टोपली नव्हती, तक्ता होता, चार घड्या घातलेला. सिस्टरनी चष्मा लावला. अक्षर ठसठशीत होतं. वजन चार किलो दोनशे. खाणं उत्तम. शिंका शून्य, शून्य, शून्य, अशी तेरा शून्यं. चौदाव्या दिवशी, शनिवारी: शिंक एक, डावी नाकपुडी.

सिस्टरनी मान वर केली. कंडक्टर खिडकीबाहेर बघत होते.

“फोन का नाही केलात?”

“म्हटलं, उद्या जातोच आहे.”

“खरंच शिंकला?”

“तक्त्यावर आहे ना,” कंडक्टर खिडकीलाच म्हणाले. “शिंक आली की तुम्हाला येऊन बघावं लागतं. नियम आहे म्हणालात.”

सिस्टरनी ती ओळ पुन्हा वाचली. मग टेबलापाशी गेल्या, पेन घेतलं आणि शनिवारच्या शिंकेवरून एक सरळ रेघ मारली. खालचं वाचता येत होतं. “सही करा,” त्यांनी पेन पुढे केलं. “नोंद ज्याची, सही त्याची.”

कंडक्टरांनी शाळेतल्या मुलासारखी मुकाट सही केली.

पेन परत घेऊन सिस्टरनी रेघेच्या पुढे शून्य काढलं. मग त्यांचा हात रकान्यांवरून पुढे पुढे गेला आणि शेवटच्या रकान्यात थांबला. शेरा. तिथे त्यांनी लिहिलं, ‘भेट. रविवारी, चार वाजता.’ लिहिलेलं वाचून बघितलं. त्यात एक शब्द राहिला होता. तो त्यांनी ‘रविवारी’च्या अलीकडे, जागा करून, बारीक अक्षरात घातला: ‘दर’.

खाली सही केली आणि आपल्या चपला कुठे आहेत ते बघू लागल्या.